रविवार सोडून बोला! लाइम रॉकच्या सुट्टीतल्या शर्यतीची गोष्ट

घाटवळण | ३ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:४०

२०१९ साली गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, म्हणजे बरोब्बर लेबर डेच्या (अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या) सोमवारी आली होती. रजा न टाकता बाप्पा बसवायला मिळणं ही इकडे केवढी चैन असते ते इथल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे. घरात मखराची धांदल चालू असताना मी मात्र माझा बेत आखला होता. कनेक्टिकटच्या वायव्य कोपऱ्यात लाइम रॉक पार्क नावाचा रेस ट्रॅक आहे. लेबर डेच्या विकेंडला तिथे जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या शर्यती असतात. सोमवारी आरती सोडून जाण्याची हिंमत नव्हती, म्हणून रविवारी भल्या पहाटे न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो. येताना दूर्वा आणि केळीची पानं आणायची, या अटीवर सुटका झाली होती. मोठी रेस रविवारीच असणार हे मी गृहीत धरलं होतं. फॉर्म्युला वन रविवारी, फ्रान्समधली चोवीस तासांची ल मां रविवारी संपते, मग ही कशाला वेगळी असेल?

टॅकॉनिक पार्कवे सोडला, लेकव्हिल मागे पडलं, टेकड्या जवळ आल्या. गेटपाशी मी मुद्दाम गाडीची काच खाली केली, कारण इंजिनांचा पहिला आवाज कानावर पडतो तो क्षण मला चुकवायचा नव्हता.

आवाज पाखरांचा होता.

आत गेलो तर दीड मैलांच्या अख्ख्या ट्रॅकवर गाड्या ओळीने उभ्या, बॉनेटं उघडी, आणि लोक हातात कॉफी घेऊन जत्रेतल्यासारखे रमतगमत फिरतायत. एक सत्तरीचे आजोबा गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून बसले होते. जॅग्वारच्या चाकाच्या तारा ते एकेक करून पुसत होते, तेही कान साफ करायच्या कापूसकाडीने. मी विचारलं, रेस किती वाजता? एकादशीला मटणाचा भाव विचारणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आज रविवार आहे. रविवारी इथे गाडी पळत नाही. एकोणसाठ सालापासून."

दूर्वा घेऊन परत आलो, पण हे 'एकोणसाठ' डोक्यातून जाईना. तेव्हापासून मिळेल तसं वाचत गेलो. ते सगळं एकदा इथे मांडतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत छोट्या युरोपियन स्पोर्ट्‌स कारचं वेड आलं. शर्यती मात्र गावच्या रस्त्यांवरच व्हायच्या. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात अशी पहिली मोठी रेस झाली. लोक पानाच्या टपरीवर उभं राहावं तसे फूटपाथवर उभे राहून बघायचे. १९५२ साली तिथेच एक गाडी गर्दीत घुसली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर भर गावातली रेस बंद झाली, आणि शर्यतीसाठी वेगळा बंदिस्त ट्रॅक हवा हे सगळ्यांना पटलं.

लाइम रॉकला जिम वेल या तरुणाच्या घरची शेतजमीन आणि वाळू-खडीची खाण होती. त्याने तिथे ट्रॅक बांधायचं ठरवलं. आखणीत कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतल्या मंडळींचा हात होता आणि जॉन फिच हा त्या काळचा नावाजलेला ड्रायव्हर सोबतीला होता (या माणसावर वेगळा धागा निघेल, म्हणून इथे आवरतो). पहिली रेस २८ एप्रिल १९५७ रोजी झाली. वार काढून बघा. रविवार!

शेजाऱ्यांचं डोकं उठलं. ते खोऱ्यातलं गाव, आवाज टेकड्यांना आपटून परत येतो. ट्रॅकच्या जवळच चर्च. मंडळी कोर्टात गेली आणि १९५९ मध्ये मनाईहुकूम निघाला. हुकूम फार बारकाईने लिहिलेला आहे. सायलेन्सर न लावलेल्या गाड्या मंगळवारी दुपारी १२ ते ६ आणि शनिवारी दिवसा पळवायच्या. रविवारी अजिबात नाही. याशिवाय मुभा होती ती मोजक्या सणावारांना: मेमोरियल डे (युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन), चार जुलै (स्वातंत्र्यदिन), लेबर डे.

खरी गंमत इथून सुरू होते. बाकी जगात शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी आणि रविवारी मुख्य रेस असा शिरस्ता. इथे रविवारच्या जागी भोक. मग प्रेक्षकांना सुट्टी असेल असा दुसरा दिवस कुठला? सुट्टीचा सोमवार! लेबर डे १८९४ पासून सप्टेंबरचा पहिला सोमवार आहेच. मेमोरियल डे मात्र आधी ३० मे ही ठरलेली तारीख होती, वार कुठलाही येवो. १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सुट्ट्या सोमवारी सरकवण्याचा कायदा केला, तो १९७१ पासून लागू झाला, आणि मेमोरियल डे मेच्या शेवटच्या सोमवारी गेला. खासदारांनी हे केलं लोकांना सलग तीन दिवस मिळावेत म्हणून. फायदा लाइम रॉकचा झाला. शनिवारी पात्रता, रविवारी सामसूम, सोमवारी रेस.

ऐंशीच्या दशकात इम्सा या रेस भरवणाऱ्या संस्थेच्या जीटीपी गाड्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वेगवान स्पोर्ट्‌स कार, मेमोरियल डेच्या सोमवारी इथे यायच्या. १९८८ च्या ३० मे रोजी जेफ ब्रॅबमने निसान घेऊन इथे बाजी मारली. त्या मोसमात निसानने लागोपाठ आठ रेस जिंकल्या, त्यातली ही एक. वाटेल तितका पैसा आणि टर्बो असलेल्या या टोळ्या रविवारी काय करायच्या? काही नाही. गाड्या झाकून ठेवायच्या आणि खुर्च्या टाकून बसायच्या.

लेबर डेचा जुन्या गाड्यांचा मेळा १९८३ मध्ये सुरू झाला. शुक्रवार, शनिवार, सोमवार रेस. मधल्या रिकाम्या रविवारी गाड्या ट्रॅकवर नुसत्या मांडून ठेवायच्या आणि त्यांचं सौंदर्य पारखायचं. मी ज्यात जाऊन पडलो ते हेच. म्हणजे ज्या दिवशी काही करायला मनाई, तोच दिवस आज सर्वांत जास्त गाजतो. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवावा, तसं झालंय हे.

यंदाही शनिवारी जाऊन आलो. फोटो सवडीने टाकतो.

---

कावेरीतीर | ३ सप्टेंबर, सकाळी ८:०२

रुमाल टाकून ठेवते. कापूसकाडीवाले आजोबा फार आवडले.

---

सदाशिव_३० | ३ सप्टेंबर, सकाळी ९:१५

लेख बरा आहे. दोन शंका. एक, केळीची पानं कनेक्टिकटात मिळाली का? दोन, तुम्ही शेजाऱ्यांना जरा खलनायक केलंय असं वाटतं. आमच्या पेठेत दहा दिवस काचा हादरतात, रात्री दहाला आवाज बंद असा नियम आहे आणि दहा वाजून गेले तरी कार्यकर्ते "काका, शेवटचं गाणं" म्हणत असतात. त्या शेजाऱ्यांनी १९५९ मध्ये कोर्टातून तासांचा हिशेब लिहून घेतला, मला तर त्यांची हुशारी वाटली.

---

घाटवळण | ३ सप्टेंबर, सकाळी ९:४०

पानं एडिसनलाच मिळाली, काका. दूर्वाही. कनेक्टिकट हे फक्त निमित्त होतं, घरी सांगू नका.

दुसरी शंका मान्य. मी ट्रॅकच्या बाजूने बसून लिहिलंय हे खरं.

---

टेम्सकाठी | ३ सप्टेंबर, दुपारी ४:२०

इकडे इंग्लंडमध्ये या भांडणाचा थोरला भाऊ आहे. ब्रुकलंड्‌स, १९०७ साली उघडलेला ट्रॅक, रेससाठी म्हणून बांधलेला. तिथेही आजूबाजूचे बंगलेवाले आवाजावरून कोर्टात गेले. १९२४ मध्ये त्यातून निष्पन्न झालं ते असं की प्रत्येक गाडीला मोठा सायलेन्सर सक्तीचा. पत्र्याच्या लांबट डब्यासारखा दिसतो, त्याला 'ब्रुकलंड्‌स कॅन' असंच नाव पडलं. म्युझियममध्ये गाड्यांना लावलेला बघायला मिळतो. आणि तिथल्याही मोठ्या रेस सुट्टीच्या सोमवारी: ईस्टर मंडे, व्हिट मंडे, ऑगस्टची बँक हॉलिडे. रविवारी करमणूक करणं तेव्हा इथे शिष्टसंमत नव्हतंच.

गुडवूडलाही ईस्टर मंडेची रेस ठरलेली. १९६२ च्या ईस्टर मंडेला, २३ एप्रिलला, स्टर्लिंग मॉसची लोटस तिथे मातीच्या बांधावर आदळली. महिनाभर तो बेशुद्ध होता. वाचला, पण अव्वल दर्जाची कारकीर्द त्या दिवशी संपली. माझे घरमालक तेव्हा दहा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर तिथे गेले होते. ते रेसबद्दल काही सांगत नाहीत. सगळे प्रेक्षक बसमध्ये एक शब्द न बोलता बसले होते, एवढंच सांगतात.

अमेरिकेतल्या मंडळींना एक विचारायचंय. इंडियानापोलिसची मोठी रेस, इंडी ५००, तर मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी असते ना? मग तिथे चर्चवाल्यांनी काही म्हटलं नाही?

---

घाटवळण | ३ सप्टेंबर, सायंकाळी ६:०५

घरमालकांची बस डोळ्यांसमोर आली.

इंडीचा प्रश्न मार्मिक आहे. तीही पूर्वी रविवारी नसायचीच. ३० मे हीच तारीख आणि ३० मे रविवारी आला तर एक दिवस अलीकडे-पलीकडे. रविवारी ठेवायला लागले ते १९७४ पासून. म्हणजे अमेरिकेने हळूहळू रविवार सैल सोडला, लाइम रॉक तेवढं राहिलं, कारण तिथे रिवाज नव्हता, कोर्टाचा कागद होता. रिवाज काळाबरोबर बदलतो, कागद बदलायला परत कोर्टात जावं लागतं.

चार जुलैचंही एक मजेशीर उदाहरण आहे. डेटोनाला पूर्वी पॉल रिव्हिअर २५० नावाची रेस असायची, सुरुवात रात्री बाराच्या ठोक्याला. पॉल रिव्हिअर म्हणजे इंग्रज सैन्य येतंय हे सांगत मध्यरात्री घोडा दामटवणारा गडी. त्याच्या नावाने मध्यरात्रीची रेस! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागेल.

---

बाबूराव_गॅरेज | ३ सप्टेंबर, रात्री ८:३१

भौ, ट्रॅक जरा इस्कटून सांगा की. वळणं किती, सरळ पट्टा किती, बसायची सोय काय? आम्हाला कोर्टकचेरीत रस नाही.

---

घाटवळण | ३ सप्टेंबर, रात्री १०:१२

बाबूराव, घ्या.

ट्रॅक जेमतेम दीड मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच किलोमीटरच्या आत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पळायचं, त्यामुळे सगळी वळणं उजवी, एक सोडून. त्या एका डाव्या वळणाचं नावच 'लेफ्ट-हँडर'. घरात एकच मुलगी असली की तिला सगळे 'ताई'च म्हणतात, तसलाच प्रकार. सरळ पट्ट्याला सॅम पोझी या तिथल्याच भूमिपुत्र ड्रायव्हरचं नाव. पट्टा संपला की 'बिग बेंड', पुढे चढ, 'वेस्ट बेंड', आणि मग खरी परीक्षा 'डाउनहिल'. उतारावर उजवं वळण. गाडी खाली दबते, हलकी होते, परत दबते, आणि तिथे ज्याने पाय उचलला त्याचा वेग पुढच्या सबंध सरळ पट्ट्यावर कमी. १९९३ मध्ये जीटीपी गाड्यांनी हा अख्खा फेरा पाऊण मिनिटाच्या आत मारलाय. चहाचा घोट घेऊन वर बघेपर्यंत तीच गाडी परत समोर.

बसायला स्टँड नाहीत. टेकडीच्या उतारावर गवतात सतरंजी पसरायची. डबा आणलात तर कोणी हटकत नाही. मी डाउनहिलच्या आतल्या बाजूला बसतो. तिथून ड्रायव्हरचे हात दिसतात. यंदा शनिवारी एक हिरवी छोटी लोटस त्या उतारावरून येताना बघितली, ड्रायव्हरचं कोपर दर फेरीला त्याच जागी किंचित उचललं जायचं. दहा फेऱ्या मी गाडीकडे बघितलंच नाही, फक्त कोपराकडे बघत होतो.

आता त्या एकाच डाव्या वळणावरून सुचलेला किस्सा. २५ जुलै १९५९, शनिवार (मनाईहुकूम नुकताच निघालेला). 'फॉर्म्युला लिब्रे' रेस, म्हणजे या, वाटेल ती गाडी आणा. कोणी ॲस्टन मार्टिन आणली, कोणी मासेराटीची ग्रां प्रीची गाडी आणली. रॉजर वॉर्ड हा त्याच वर्षीचा इंडी ५०० विजेता. त्याने आणली मिजेट. मिजेट म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर आयुष्यभर फक्त डावीकडे वळणारी, बुटकी, ढकलून चालू करायची गाडी. तीही जुनी. आणि ही गाडी कुठे? जिथे एक सोडून सगळी वळणं उजवी! लोक हसले असणार.

जिंकला तो. सगळ्यांना मागे टाकून.

पुढे डोक्यात हवा गेली. डिसेंबरात फ्लोरिडातल्या सेब्रिंगला अमेरिकेची ग्रां प्री होती, तिथे तो हीच मिजेट घेऊन फॉर्म्युला वनवाल्यांसमोर उभा राहिला. सुरुवात शेवटच्या नंबरावरून, आणि अर्ध्या वाटेत गाडी बंद. लाइम रॉक आखूड आणि अडचणीचं, तिथे हलकी, चटकन उसळी घेणारी गाडी चालून गेली. सेब्रिंग लांबरुंद, तिथे पितळ उघडं पडलं.

---

बाबूराव_गॅरेज | ३ सप्टेंबर, रात्री १०:२०

जिंकला राव!! ढकलस्टार्ट गाडीने ॲस्टन मार्टिनला! कालच एक गिऱ्हाईक माझ्या एम-ऐटीला हसत होतं.

---

मोकळीवाट | ४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मला एक कळत नाही. १९५९ मध्ये धार्मिक वातावरण होतं, समजू शकतो. आज २०२५ मध्ये तो हुकूम काय म्हणून चालू? ट्रॅकच्या आसपास आता जे राहतात त्यांनी घर घेताना ट्रॅक बघितला नव्हता का? विमानतळाशेजारी फ्लॅट घ्यायचा आणि विमानांची तक्रार करायची, त्यातलाच प्रकार. ट्रॅक कोर्टात का जात नाही?

---

घाटवळण | ४ सप्टेंबर, सकाळी ८:३५

गेले की. १९५९ चा हुकूम मूळ. त्याचा वाद १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. मग कित्येक वर्षं शांतता. स्किप बार्बर (सत्तरीच्या सुरुवातीचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर, पुढे त्याच्या रेसिंग स्कूलचं मोठं नाव झालं) याने ऐंशीच्या दशकात ट्रॅक घेतला आणि जपला. २०१५ मध्ये गावाच्या झोनिंग कमिशनने (कुठल्या जमिनीवर काय चालेल हे ठरवणाऱ्या मंडळाने) त्या जुन्या हुकुमातल्या अटी आपल्या नियमांत पक्क्या केल्या. ट्रॅकने दावा लावला. ट्रॅकचं म्हणणं सरळ होतं: राज्याचा कायदा रविवारी दुपारनंतर मोटार रेसला मुभा देतो, मग गाव कोण अडवणारं? २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रविवारबंदी घालायचा अधिकार गावाला आहे.

दुसऱ्याच वर्षी बार्बरने ट्रॅक एका गटाला विकला. निकालामुळे विकला असं मी म्हणत नाही, वयही झालं होतं. त्या नव्या मालकांनी यंदा जूनमध्ये नॅस्कारची ट्रक मालिका आणली. मुख्य रेस कधी? शनिवारी, २८ जूनला. कितीही मोठं नाव येऊ दे, रविवार सोडून बोला.

विमानतळाचं उदाहरण मात्र इथे लागू नाही. गाव आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या, कामगारवस्ती होती. ट्रॅक नंतर आला.

---

मोकळीवाट | ४ सप्टेंबर, सकाळी ८:४४

१९५७ पासून २०२५, अडुसष्ट वर्षं झाली. किती वर्षांनी माणूस गावचा होतो?

---

सदाशिव_३० | ४ सप्टेंबर, सकाळी ९:०१

आमच्याकडे? तीन पिढ्या. पानशेतच्या आधी आलेले असाल तर सवलत.

---

कावेरीतीर | ४ सप्टेंबर, सकाळी ११:२६

जॉन फिचचं काय ते सांगा ना. 'आवरतो' म्हणून गाजर दाखवायचं आणि निघून जायचं?

---

घाटवळण | ४ सप्टेंबर, दुपारी १:१०

सांगतो, पण हे वाचताना थोडं गंभीर व्हा.

फिच दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक होता. त्याने जर्मनांचं जेट विमान पाडलं, पुढे स्वतः पाडला गेला आणि कैदेत पडला. सुटून आल्यावर रेसिंग. १९५३ ची सेब्रिंगची बारा तासांची शर्यत त्याने फिल वॉल्टर्सबरोबर कनिंगहॅम गाडीतून जिंकली. १९५५ मध्ये मर्सिडीजने त्याला ल मांसाठी घेतलं. एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात. त्याचा जोडीदार होता पिएर लेव्हे.

११ जून १९५५. लेव्हे गाडीत, फिच पिटमध्ये आपली पाळी यायची वाट बघतोय. समोरच लेव्हेची गाडी दुसऱ्या गाडीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ८० हून अधिक माणसं गेली. लेव्हेही गेला. रेसच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही.

हा माणूस दोन वर्षांनी लाइम रॉकच्या उभारणीत आहे. तिथे कडेला मोकळी जागा ठेवण्याचा, प्रेक्षकांना टेकडीवर दूर बसवण्याचा विचार पहिल्यापासून का आहे, ते वेगळं सांगायला नको. मला तरी ट्रॅकवर फिरताना ते सारखं जाणवतं.

आणखी एक. अमेरिकेत हायवेवर एक्झिट फुटतो तिथे, मधल्या टोकापाशी पिवळे प्लास्टिकचे पिंप ठेवलेले असतात. तुमच्यातल्या कितीजणांनी रोज ऑफिसला जाताना बघितलेत! ते 'फिच बॅरिअर'. आत वाळू असते, पुढच्या पिंपात कमी, मागच्यात जास्त, म्हणजे आदळणारी गाडी एकदम न थांबता टप्प्याटप्प्याने थांबते. युद्धात तंबूभोवती वाळूने भरलेले इंधनाचे डबे रचायचे, त्यावरून त्याला सुचलं. चाचणीसाठी गाडी नेऊन आदळवायला माणूस हवा होता. तो स्वतःच बसला.

२०१२ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारला. राहायला तिथेच होता, लेकव्हिलजवळ, ट्रॅकच्या हाकेच्या अंतरावर.

---

कावेरीतीर | ४ सप्टेंबर, दुपारी १:३४

मी रोज रूट २८७ च्या एक्झिटला ते पिंप बघते. आज घरी जाताना वेगळ्या नजरेने बघणार. थँक्यू.

---

डब्बल_क्लच | ४ सप्टेंबर, दुपारी ३:००

पॉल न्यूमन राहिला की! सिनेमातला हिरो, पण राहणारा कनेक्टिकटचाच आणि लाइम रॉक त्याचं घरचं मैदान. १९७९ मध्ये ल मांला त्याच्या गाडीने दुसरा नंबर काढला. १९८६ मध्ये लाइम रॉकची ट्रान्स-ॲम रेस जिंकली तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. एकसष्टीला आपल्याकडे शांत करतात, सुपारी-नारळ देतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये, आजारपण बळावलेलं असताना, शेवटचे काही फेरे मारायला तो इथेच आला होता. पुढच्या महिन्यात गेला.

---

चेपॉकचा_मराठी | ४ सप्टेंबर, सायंकाळी ५:४५

आमच्या मद्रासलाही सुट्टीची रेस होती, पण इकडे रविवार चालायचा. शहराबाहेर शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती, तिच्यावर रेस. वडील रेल्वेत होते, ते घेऊन जायचे. गवताच्या पेंढ्या रचून वळणं केलेली, ऊन असं की धावपट्टी लांबून पाण्यासारखी दिसायची. गोंडलच्या महाराजांच्या गाड्या, कलकत्त्याहून आलेल्या गाड्या. ऐंशीच्या सुमारास विजय मल्ल्या तर चक्क जुनी फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरला होता. आई डब्यात दडपे पोहे द्यायची, त्यावर बारीक धूळ बसायची. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक झाला आणि शोलावरम मागे पडलं. आवाजाची तक्रार करायला तिथे होतं कोण? म्हशी.

---

लिचफील्डची_लेक | ५ सप्टेंबर, सकाळी ६:५५

मी वाचनमात्र, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी त्या 'शेजाऱ्यां'पैकी आहे हो! ट्रॅकपासून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आमचं घर. नवऱ्याची नोकरी जवळच्या शाळेत.

वर कोणीतरी हुशारी म्हटलं, कोणी अडवणूक म्हटलं. तिथे राहून सांगते: शनिवारचा आवाज आम्हाला बोचत नाही, कारण रविवारी तो नसणार हे पक्कं माहीत असतं. दुखऱ्या दाताचं पण तसंच नाही का, डॉक्टरची वेळ ठरलेली असली की सोसवतं. आणि गाव म्हणजे काही रेसचे वैरी नाहीत. मेळ्याच्या गुरुवारी त्या जुन्या गाड्या ट्रॅकवरून निघून आमच्या गावरस्त्यांवरून फॉल्स व्हिलेजपर्यंत मिरवत जातात. लोक घरासमोर खुर्च्या टाकून बसतात, पोरं हात हलवतात. ज्यांनी कोर्टाच्या खर्चाला वर्गणी दिली ते सुद्धा. ट्रॅकजवळचं चर्च तर रेसच्या दिवसांत आपल्या आवारात तंबू टाकायला जागा देतं.

आता आईची गोष्ट. आई सांगलीहून सहा महिने राहायला आली होती. इकडे इतकी शांतता की तिला झोप लागेना. पहिल्या मंगळवारी ती वाटाण्याच्या शेंगा सोलत पडवीत बसली होती. बरोबर बाराला डोंगरापलीकडून तो आवाज सुरू झाला. घाबरून आत आली, म्हणाली मोहोळ उठलंय. मी समजावलं. पुढच्या मंगळवारी तिनेच घड्याळाकडे बघून सांगितलं, "आता तुझा भुंगा येईल." आला. मग तिचा परिपाठ ठरला: मंगळवारी गणपतीचा वार, भुंगा सुरू झाला की अथर्वशीर्षाची आवर्तनं घ्यायची. सहाला भुंगा बंद, मग चहा. सायलेन्सर लावलेल्या गाड्या इतर दिवशीही पळतात, तो आवाज तिला लगेच ओळखू यायचा. "हा खरा नव्हे, हा तोंड दाबलेला," म्हणायची.

आता ती परत सांगलीला आहे. मंगळवारी माझी दुपार होते तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ. फोनवर पहिला प्रश्न, "भुंगा आला का गं?" मी फोन खिडकीबाहेर धरते.

---

कावेरीतीर | ५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

ताई, आता वाचनमात्र राहू नका. _/\_

---

मोकळीवाट | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१२

बरं, मी माझं विमानतळाचं उदाहरण मागे घेतो. अर्धं.

---

घाटवळण | ५ सप्टेंबर, सकाळी ९:०५

लेकताई, या धाग्याचं सोनं केलंत. आईंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी शनिवारी डाउनहिलजवळ आलात तर हाक मारा, खाकी टोपी आणि स्टीलचा डबा ही खूण.

---

टेम्सकाठी | ५ सप्टेंबर, सकाळी ९:४८

शनिवारीच का? तुम्ही सबंध धाग्यात सोमवारच्या रेसचं महात्म्य गायलंत. २०१९ ला रविवारी गेलात, यंदा शनिवारी. सोमवारची रेस एकदा तरी बघितलीय का?

---

घाटवळण | ५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

पकडलंत. नाही बघितली.

२०१९ ला सोमवारी चतुर्थी. यंदा १ सप्टेंबरला, लेबर डेलाच, गौरीपूजन. आमच्याकडे उभ्या गौरी असतात आणि साड्या नेसवायच्या कामात माझी नेमणूक पिना धरायला आहे. मधली वर्षं करोना, बदली, मुलीची शाळा यात गेली.

---

सदाशिव_३० | ५ सप्टेंबर, सकाळी १०:४१

पंचांग बघून सांगतो. २०२६ ला अधिक महिना आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला. लेबर डे ७ तारखेला. मोकळा आहे तुमचा सोमवार. फक्त श्रावणी सोमवार आहे तो.

---

घाटवळण | ५ सप्टेंबर, सकाळी १०:४४

चालेल. डब्यात साबुदाण्याची खिचडी नेतो.